सीताबाईची बारी

सावडीत कुणाची बारी कधी, हे पिंपळटेपला दसऱ्याच्या दिवशी ठरतं आणि एकदा ठरलं की ब्रह्मदेवाच्या बापालाही ते बदलता येत नाही. चार घरांची, आठ माणसांची सावड. आज सगळ्यांनी मिळून एकाचं भात कापायचं, मग दुसऱ्याचं, मग तिसऱ्याचं. मजुरी नाही. माणसाला माणूस आणि दिवसाला दिवस, एवढाच व्यवहार. ज्याचं शेत त्याच्या घरची भाकर आणि सुकटीची चटणी. गेल्या साली जो शेवटचा होता तो यंदा पहिला आणि बाकीचे त्याच्या मागून. यंदा पहिला म्हातारा हैबतराव, मग एकटी राहणारी सीताबाई, मग महिपती आणि शेवटी गोविंदा.

गोविंदाच्या बायकोला, शकूला, हे शेवटचं असणं दसऱ्यापासूनच खुपत होतं. त्यांचं शेत गावात सगळ्यांत खाली, ओहोळाला लागून. भात यंदा चांगलं पोसलं होतं. इतकं की लोंब्यांच्या भारानं अर्धं खाचर आडवं झालं होतं. आडव्या भाताखाली ओल धरली की दाण्याला तिथल्या तिथं कोंब फुटतो. शकू रोज बांधावर जायची, वाकून भाताखाली हात घालायची आणि माती चाचपून परत यायची. गोविंदा म्हणायचा, "हात घालून काय माती सुकते काय गो?" तो स्वतः मात्र तिकडे फिरकत नसे.

हैबतरावाची कापणी शनिवार-रविवारी झाली. रविवारी संध्याकाळी त्याच्याच खळ्यावर सगळे पाय पसरून बसले होते. महिपती नागोठण्याकडे एका कंपनीत होता, कापणीपुरती रजा टाकून आला होता. त्याच्या फोनवर निरोप आला तो त्यानं मोठ्यानं वाचला. येते सात दिवस रायगडात दुपारनंतर विजांच्या कडकडाटासह मुसळधार पाऊस. कापलेलं पीक सुरक्षित जागी हलवावं. वीज चमकत असताना झाडाखाली थांबू नये.

"दुपारनंतरच व्हय?" हैबतराव तंबाखू मळत म्हणाला. "ढगाला काय तुझ्यासारखी शिफ्ट हाय काय रं, दुपारच्याला लागायला?"

सगळे हसले. हैबतरावाला हसायला काय जात होतं? त्याचं भात उद्या-परवात उडवीत, खळ्यावर रचलेल्या भाऱ्यांच्या ढिगात, जाणार होतं.

"गणपतीतबी असंच सांगितलं व्हतं," तो पुढे म्हणाला. "टिपूस पडला नाय. गर्जेल तो पडेल काय!"

शकू हसली नाही. ती मनातल्या मनात दिवस मोजत होती. उद्या-परवा सीताबाई, मग दोन दिवस महिपती, मग आपण. म्हणजे शुक्रवार उजाडणार. तोवर ओहोळ खाचरात शिरलेला असणार.

सीताबाई त्या वेळी खळ्यावर नव्हती. तिची लेक मालती रोह्याला बाळंत झाली होती. दुपारी काम हलकं झाल्यावर हैबतरावाला सांगून ती एसटीनं लेकीकडे गेली होती आणि संध्याकाळच्या गाडीनं परतणार होती. तिच्याकडे फोन नव्हता.

घरी आल्यावर शकू नवऱ्याला म्हणाली, "हैबततात्यांना विचारा ना. आपलं निजलेलं भात हाय, आधी कापू म्हणावं."

"बारी मागायची नसते."

"का नसते?"

"गेल्या साली महिपतीनं मागितली, तवा मीच त्याला तसं बोललो. सगळ्यांच्या पुढ्यात. आता कुठल्या तोंडानं मागू?"

हे मात्र खरं होतं. गोविंदानं त्या वेळी नाकानं कांदे सोलले होते. आता तो भिंतीला टेकून गुडघा चोळत बसला. शकूनं पिशवी उचलली, मीठ आणते म्हणाली आणि फाट्याकडे चालायला लागली.

दिवेलागण झाली होती. फाट्यावरच्या टपरीत मीठ मिळतं, पण शकूनं ते आधी घेतलं नाही. ती रस्त्याच्या कडेला उभी राहिली. पेणकडून येणाऱ्या दोन गाड्या न थांबता गेल्या. मग रोह्याकडून एसटी आली आणि सीताबाई दांडीला धरून, एकेक पायरी चाचपत उतरली. साठीची बाई, दोन दिवस वाकून कापत होती, कंबर अजून सरळ होत नव्हती.

"काकी, आलात? मालती कशी हाय?"

"बरी हाय गो. पोरगी झाली. नाक आमच्या घरचं हाय, एवढं वाईट झालं बघ." सीताबाई हसली. आपल्यासाठी कुणीतरी फाट्यावर उभं आहे याचा तिला आनंद झालेला दिसत होता. "महिन्यानं घेऊन येणार हाय तिला. नव्या भाताची पेज घालीन म्हटलं."

दोघी चालायला लागल्या.

"काकी, एक मागू?"

"माग की."

"माझं भात निजलंय. खालून ओल धरलीय. तुमची बारी मला द्या. माझं झालं की लगेच तुमचं कापू. महिपतीभावजींचं गरवं हाय, बुडख्याला अजून हिरवंच हाय, त्यांना उशीरच पाहिजेल."

सीताबाईनं क्षणभरही विचार केला नाही. "एवढंच ना? माझं काय, उभं हाय सरळ. दोन दिसांनी काय बिघडतंय? घे तू."

इथं शकूनं सांगायला हवं होतं. सात दिवस पाऊस सांगितलाय. चार शब्दांचं काम होतं. ते सांगूनही सीताबाईनं बारी दिली असती, असं शकूला पुढे पुष्कळ वेळा वाटलं. पण त्या वेळी तिला फक्त बारी दिसत होती. तिनं बाळाचा रंग विचारला, वजन विचारलं, गावापर्यंत ताकास तूर लागू दिली नाही. सीताबाई आपल्या दारात वळली तेव्हा शकूच्या लक्षात आलं की मीठ राहिलं.

सोमवारी सकाळी सावड गोविंदाच्या खाचरात उतरली. बारी बदलली म्हणून हैबतराव कुरकुरला, पण सीताबाईनं स्वतः सांगितल्यावर त्याचा इलाज चालेना. महिपतीला उशीर हवाच होता.

निजलेलं भात कापणं म्हणजे शिक्षा. उभं भात डाव्या मुठीत आपणहून येतं. निजलेलं आधी उचलावं लागतं, पिंजावं लागतं, मग विळा कुठून घालायचा ते बघावं लागतं. पाती ओली असली की विळा घसरून बोटावर येतो. पाय घोट्यापर्यंत चिखलात. दहा वाजेपर्यंत सगळ्यांच्या पाठी भिजल्या होत्या. हवा हलत नव्हती. सीताबाई सगळ्यांच्या पुढे होती. ती कापताना बोलायची. आज नातीचं नाव काय ठेवावं यावर तिचं एकटीचंच चाललं होतं.

तिच्या शेजारच्या ओळीत महिपती होता. तो कौतुकानं म्हणाला, "काकी, तुम्ही मोठ्या मनाच्या बाबा. आठवडाभर पावसाचं सांगितलंय नि तुम्ही बारी सोडलीत. आमच्याच्यानं नसतं झालं."

सीताबाईचा विळा थांबला. "कुणी सांगितलंय?"

"फोनवर आलंय की. काल तात्यांच्या खळ्यावर वाचलं मी. सगळे व्हते. शकूवैनी व्हत्या."

सीताबाईनं मान वळवून शकूकडे बघितलं. शकूनं हातातल्या मुठीकडे बघितलं. मग विळ्याचा आवाज पुन्हा सुरू झाला, पण नातीच्या नावाचं बोलणं पुन्हा सुरू झालं नाही.

दुपारी भाकर खायला सगळे बांधावर बसले. शकूनं सीताबाईला चटणी दोनदा वाढली. सीताबाईनं दोन्ही वेळा घेतली, खाल्ली, हात धुतले आणि उठली. शकू दिवसभर वाट बघत होती की आता बोलेल, आता बोलेल. चार माणसांत तोंडावर फेकलं असतं तरी चाललं असतं. बाईनं एक शब्द काढला नाही, आणि दिलेली बारीही मागे घेतली नाही. दिलेली बारी मागे घ्यायची रीत नाही.

मंगळवारी संध्याकाळी खाचर मोकळं झालं. पूर्वेला सुधागडाच्या डोंगरांवर गडगडत होतं, पण गावात थेंब नव्हता. हैबतराव येता-जाता महिपतीला विचारत होता, "काय रं, फोन काय म्हणतो? शिफ्ट बदलली वाटतं?"

बुधवारी सावडीला सुट्टी घेतली, ज्यानं त्यानं आपलं भात वाहायला. एरवी कापलेलं भात दोन ऊन तरी खातं, मग भारे बांधतात. गोविंदा-शकूनं एकाच उन्हावर बांधलं. ओलसर भारा डोक्यावर घेतला की मान खांद्यात रुतते आणि पाणी कानामागून पाठीत उतरतं. गोविंदाचा गुडघा चार खेपांनंतर बोलायला लागला. तो बांधावर थांबत थांबत येत होता. शकू थांबत नव्हती. तिला बोलायलाही वेळ नव्हता आणि त्याचं तिला बरं वाटत होतं. तीन वाजता शेवटचा भारा खळ्यावर आला. आभाळ काळं झालं, वारा सुटला, सात-आठ मोठे थेंब धुळीत पडले आणि थांबलं. उडवी रचून झाली, लोंब्या आत, बुडखे बाहेर. वरून शाकारायचं तेवढं राहिलं.

"उद्या करू," गोविंदा म्हणाला आणि ओट्यावर आडवा झाला.

शकूला उडवीकडे बघून समाधान वाटलं. ते तिनं नाकारलं नाही. वर्षाचं खाणं तिथं उभं होतं.

गुरुवारी सकाळ इतकी स्वच्छ उजाडली की डोंगरावरची झाडं मोजावीत. आज सीताबाईची बारी. शकू अंधुक उजेडातच उठून तिच्या अंगणात गेली. सीताबाई आठ माणसांच्या भाकरी थापत होती. चुलीच्या उजेडात तिची सुजलेली बोटं दिसत होती.

"काकी, आज कापू नका."

सीताबाईनं भाकर उलटली. "का गो?"

"काल थेंब आले. आज पडणार. उभं भात पाण्याला दाद देत नाय लवकर, पण कापून निजवलंत तर गेलं. चार दिवस उभंच राहू द्या. मी सांगते सगळ्यांना. पाऊस उघडल्यावर पहिलं तुमचं कापू, दोन दिवसांचं एका दिवसात कापू."

शकू मनापासून बोलत होती. आयुष्यात इतकं मनापासून ती क्वचितच बोलली असेल. सीताबाईनं तव्यावरची भाकर निखाऱ्याला लावली, फुगेपर्यंत बघितली, काढून टोपलीत टाकली.

"तुझी उडवी शाकारायची राह्यलीय ना?"

शकूला आधी कळलंच नाही. "व्हय, पण..."

"म्हणून आजचा दिवस पाहिजेल तुला."

"नाय हो काकी! देवाशपथ नाय!"

"परवा फाट्यावर पाऊस ठाऊक व्हता, तवा बोलली नाहीस. आज सांगायला पहाटेची आलीस?" सीताबाई चिडलेली नव्हती. एखाद्या पोराला समजावावं तशी बोलत होती. "एकदा दिली बारी मी. आता नाय देत. जा, विळा घेऊन ये."

शकूनं हैबतरावाला गाठलं. तो आभाळाकडे बघून म्हणाला, "असल्या आभाळात पाऊस? तुला काय झालंय?" महिपतीनं फोन बघितला; फोनवर कालचंच होतं. "बाईच्या मनात नसंल तर आपण कोण सांगणार वैनी?" तो म्हणाला. गोविंदा म्हणाला, "तू गप ऱ्हा. आधीच पुष्कळ बोललीस." शकूनं विळा घेतला.

सीताबाईचं भात उभं, पिवळंधमक, दाणा टणक. कापायला हलकं. मुठीमागून मूठ खाली पडत गेली आणि जेवणापर्यंत निम्म्याहून जास्त खाचर कापून झालं. सीताबाईचा चेहरा सैल झाला होता. हैबतरावानं वाढून घेता घेता नातीचं नाव विचारलं तेव्हा ती म्हणाली, "शांती ठेवायचं. माझ्या सासूचं." शकू शेवटच्या टोकाला बसली होती. आभाळ कोरडं राहू दे, मी खोटी ठरू दे, असं ती मागत होती, आणि तेही खरंच मागत होती.

तीनच्या सुमारास ऊन एकदम पिवळं पडलं. वारा थांबला. पाखरं ओहोळाकडे उतरली. मग डोंगराच्या बाजूनं काळं आभाळ चढत आलं आणि कुणी काही बोलायच्या आत पहिली वीज पडली.

"भारे बांधा!" हैबतराव ओरडला.

बांधायला वेळ कुठला? थेंब सुरू झाले ते थेट धारच. सीताबाई वाकून मुठी गोळा करत होती, एकावर एक टाकत होती. शकू तिच्या समोर तेच करत होती. दोघींनी मिळून एक भारा आवळला आणि उचलायला गेल्या तर तो हलेना. पाणी पिऊन दगड झाला होता. बांधावरच्या सागावर लखकन उतरलं, कान बंद झाले, आणि साल सोललेलं खोड धूर काढत उभं राहिलं.

"विळे टाका! झाडाखाली जाऊ नका! खाली बसा!" महिपती ओरडत होता. त्यानं आधी हैबतरावाला धरून खाली बसवलं. म्हातारा दोन्ही हात कानांवर ठेवून चिखलात उकिडवा बसला आणि रामराम म्हणत राहिला. मग महिपतीनं शकूला ओढलं. सीताबाईला ओढायला गेला तर तिनं भाऱ्याचा बंध सोडला नाही. शेवटी तिला बंधासकट खाली बसवलं. अर्धा-पाऊण तास आठ माणसं उघड्या खाचरात गुडघ्यांत मान घालून बसली होती आणि त्यांच्या पायांमधून कापलेलं भात हळूहळू वाहायला लागलं होतं. मुठी आधी सुट्या झाल्या, मग तरंगल्या, मग खालच्या बांधाला जाऊन थरानं साचल्या.

कुणाला काही इजा झाली नाही. गावात पुढे त्याचंच बोलणं झालं, देवानं राखलं म्हणून.

पाऊस शुक्रवारी आला, शनिवारी आला, रविवारी आला. रोज दुपारनंतर, सांगितल्यासारखा. हैबतराव शिफ्टची थट्टा विसरला. शकूच्या उडवीवर गोविंदानं गुरुवारी रात्रीच ताडपत्री टाकली होती. वरचे चार भारे भिजले, बाकी आत कोरडं. महिपतीचं हिरवं भात वाकलं, पण टिकलं. सीताबाईचं बांधाला साचलेलं भात सावडीनं दोन सकाळी उपसून तिच्या ओट्यावर, पडवीत, माजघरात पसरलं. घरभर आंबूस वास सुटला. तिसऱ्या दिवशी लोंब्यांना पांढरे कोंब दिसायला लागले, पाचव्या दिवशी ते बोटभर झाले. जे उभं राहिलं होतं तेवढंच धडाचं निघालं, म्हणजे एका बाईला चारेक महिने.

"नशीब तिचं," गोविंदा जेवताना म्हणाला. "आपण काय पाऊस पाडला?"

"नाय पाडला."

"मग? सांगायला गेली व्हतीस ना तू? तिनं ऐकलं नाय."

चोराच्या मनात चांदणं म्हणतात. तिच्या मनात फाट्यावरून गावापर्यंतची वाट होती. तिला स्वतःची लाज वाटत होती आणि ती कुणाला सांगायची सोयही नव्हती, कारण जिला सांगायची तिला सगळं आधीच ठाऊक होतं.

दिवाळीच्या तोंडावर ऊन पडलं आणि झोडणी निघाली. झोडणीही सावडीतच. बारीप्रमाणे हैबतरावाचं झालं आणि मग गोविंदाचं खळं आलं. सीताबाई येणार नाही असं शकूला वाटलं होतं. ती सगळ्यांच्या आधी आली. पदर खोचला, फळीसमोर उभी राहिली, पहिली पेंढी डोक्यावर नेऊन आपटली. दाणे ताडताड उडाले. कोरडं, भरलेलं भात होतं. दिवसभर तिनं ते झोडलं. धूळ नाका-डोळ्यांत जात होती, हाताला पातं कापत होतं, ती थांबली नाही.

जेवणाच्या वेळी शकू तिच्या जवळ बसली आणि हळूच म्हणाली, "काकी, त्या दिवशी फाट्यावर मी..."

"भात झोडायला आलेय मी," सीताबाई म्हणाली. "बोलायला नाय."

संध्याकाळी रास लागली. माणसं हातपाय झाडून निघाली. गोविंदा आत गेल्यावर शकूनं राशीतून सूप भरून घेतलं, सीताबाईसमोर धरलं. तिला वाटलं होतं त्याहून सूप जड झालं होतं.

"मालती येईल ना आता. पेजेला."

सीताबाईनं सुपाकडे बघितलं. "सावडीत हे नसतं गो," ती म्हणाली. "दिवसाला दिवस. माझा झाला."

मग ती राशीच्या कडेला उभी राहिली. खोचलेला पदर सोडून तिनं झटकला. निऱ्या झटकल्या. वाकून ओच्यात अडकलेले दाणे एकेक काढून राशीवर टाकले. अंबाड्यात बोटं घालून तिथले चार काढले, तेही टाकले. पायाच्या बोटांत एक अडकला होता. तो काढायला तिला खाली बसावं लागलं, कंबर धरून उठावं लागलं. शकू सूप धरून उभीच होती.

आमच्याकडे निघताना कुणी 'जाते' म्हणत नाही. परक्याच्या दारातून निघालं तरी 'येते' म्हणतात. सीताबाईनं आपला विळा उचलला आणि शकूकडे बघून म्हणाली,

"जाते."